बोलींच्या संग्रहाचे संकेतस्थळ आणि त्याचे यजमान

बोलींचा अभ्यास करणाऱ्याला आपली सामग्री कोठे ठेवावी, हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. टिपणवह्या कपाटात, ध्वनिफिती पेटीत आणि निष्कर्ष ग्रंथात, अशी सरळ वाटणी होती. मरे एमेनो यांनी वर्ध्याच्या परिसरातील कोलामी भाषेवर लिहिलेला ग्रंथ १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ज्या ग्रंथालयाने तो त्या वेळी विकत घेतला, त्याला आजतागायत त्यासाठी दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागलेले नाहीत. संकेतस्थळाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे ठेवलेली सामग्री दरवर्षी भाडे मागते, दर काही महिन्यांनी डागडुजी मागते, आणि या दोहोंपैकी एकात कसूर झाली तर ती एका रात्रीत नाहीशी होते.

हे विधान अनुभवावाचून केलेले नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक ज्या विभागात काम करीत होता, तेथे कोलामी व वऱ्हाडी शब्दसूची आणि काही ध्वनिमुद्रणे यांचे एक लहानसे संकेतस्थळ उभारण्यात आले. काम एका खाजगी कंत्राटदाराकडे दिले होते. स्थळाचे नाव त्याने स्वतःच्या नावे नोंदविले आणि जागाही स्वतःच्याच खात्यावर घेतली. पुढे त्याने व्यवसाय बदलला, नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि एके दिवशी आमच्या पत्त्यावर कोणत्या तरी भलत्याच मालाची जाहिरात दिसू लागली. मजकुराची काही पाने इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहात सापडली, पण ध्वनिमुद्रणे सापडली नाहीत. त्यांत झरी-जामणी तालुक्यातील एका पोडावरच्या वृद्धेने सांगितलेली एक दीर्घ कथा होती. पुढे तिचा नातू महाविद्यालयात शिकावयास आला, आणि आजीचा आवाज ऐकावयास मिळेल काय, असे विचारीत विभागात आला. त्याला नकारार्थी उत्तर द्यावे लागले.

आज अनेक विभाग आपापल्या सामग्रीसाठी आशयव्यवस्थापन प्रणालीवर आधारलेली संकेतस्थळे उभारीत आहेत. यास्तव अशा स्थळासाठी यजमानसंस्था निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, याचे विवेचन येथे योजिले आहे. विषय तांत्रिक असला तरी त्यातील पुष्कळसे प्रश्न लिपीचे, वर्णक्रमाचे आणि संग्रहाच्या नीतीचे, म्हणजे आपल्याच शास्त्राचे आहेत, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

१. तीन गोष्टींचा विवेक

व्यवहारात 'वेबसाइट घेतली' असे जे म्हटले जाते, त्यात तीन भिन्न गोष्टी एकवटलेल्या असतात. पहिली म्हणजे नाव, अर्थात डोमेन. दुसरी म्हणजे जागा, म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या एखाद्या सर्व्हरवरील वाटा. हिलाच होस्टिंग म्हणतात. तिसरी म्हणजे मांडणीची यंत्रणा, म्हणजे आशयव्यवस्थापन प्रणाली. वर्डप्रेस (२००३), ड्रुपल (२००१), मराठी विकिपीडिया जिच्यावर चालतो ती मीडियाविकी, संग्रहालयांसाठी व संशोधकांसाठी रचलेली ओमेका, ग्रंथालयांत रूढ असलेली डीस्पेस, ही तिची परिचित उदाहरणे होत. ह्या सर्व प्रणाली मुक्तस्रोत आहेत, त्यांना परवान्याचे मूल्य पडत नाही.

'होस्ट' ह्या शब्दासाठी मराठीत 'यजमान' हा शब्द सुचतो, पण त्याने थोडी दिशाभूल होते. आपल्याकडे यजमान खर्च करतो आणि पाहुणा जेवतो. येथे पाहुणाच यजमानाला पैसे देतो. वस्तुतः हे नाते घरमालक व बिऱ्हाडकरू यांचे आहे, आणि ते तसे समजून घेतले म्हणजे बहुतेक प्रश्न आपोआप उलगडतात. भाडेचिठ्ठी कोणाच्या नावे आहे, नळ सामाईक की स्वतंत्र, भाडे पुढील वर्षी किती वाढेल आणि घर सोडताना सामान सुखरूप बाहेर काढता येईल काय, हे प्रश्न बिऱ्हाडकरू विचारतोच. संकेतस्थळ घेणाऱ्यानेही तेच विचारावयाचे असतात.

वरील तीन गोष्टी एकाच विक्रेत्याकडून घेणे सोयीचे वाटते. तथापि नाव तरी वेगळ्या ठिकाणी आणि संस्थेच्याच नावे नोंदलेले असावे. नाव आपल्या हाती असले म्हणजे जागा बदलता येते. नाव गेले की जागा शाबूत असूनही पत्ता हरवतो. शैक्षणिक संस्थांना मिळणाऱ्या 'एसी डॉट इन' ह्या वर्गातील नावांची नोंदणी अर्नेट इंडिया ही संस्था करते. पात्रतेची कागदपत्रे दाखवावी लागत असल्यामुळे असे नाव एखाद्या जाहिरातदाराच्या हाती जाण्याचा संभव फारच थोडा असतो. ज्या महाविद्यालयाला असे नाव आधीच मिळालेले आहे, त्याच्या विभागाने त्याखालीच उपनाव घ्यावे, हे उत्तम. देवनागरीतील 'भारत' हे नामवर्ग २०१४ पासून उपलब्ध आहे. त्याचा उपयोग दुसरे नाव म्हणून अवश्य करावा, परंतु यंत्रांच्या पातळीवर असे नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठविले जाते आणि काही जुन्या यंत्रणांना ते अद्याप उमगत नाही, हे लक्षात ठेवावे.

२. लिपीच्या गरजा

यजमानसंस्थांची माहितीपत्रके वाचताना असे जाणवते की, ती रोमन लिपीतील मजकूर गृहीत धरून लिहिलेली आहेत. आपल्या मजकुराच्या गरजा निराळ्या आहेत आणि त्या आपणच सांगितल्या पाहिजेत.

युनिकोडच्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'को' ह्या एका अक्षरात व्यंजन आणि स्वरचिन्ह अशी दोन चिन्हे असल्यामुळे त्याचे सहा बाइट होतात. ह्यामुळे जागा फार लागते असे मात्र नाही. तीन हजार चिन्हांचे पान सुमारे नऊ हजार बाइटांचे होते आणि अशी हजार पाने ९० लाख बाइटांत, म्हणजे सुमारे नऊ मेगाबाइटांत बसतात. केवळ मजकुरासाठी जागेची चिंता करण्याचे कारण नाही.

अडचण दुसरीच आहे. बहुतेक स्वस्त जागांवर मायएस्क्यूएल किंवा तिची भावंड मारियाडीबी ही विदागारे असतात. ह्या विदागारांतील जुना 'यूटीएफ-८' नावाचा संच प्रत्यक्षात तीनच बाइटांपर्यंतची चिन्हे साठवितो. चार बाइटांसाठी 'यूटीएफ-८ एमबी-४' हा संच निवडावा लागतो. वर्डप्रेसने २०१५ मधील ४.२ ह्या आवृत्तीपासून तो स्वीकारला. देवनागरीचा नित्याचा संच तीन बाइटांत बसत असल्यामुळे हा भेद सामान्यतः कळून येत नाही. परंतु मोडी लिपी २०१४ मध्ये, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडात आली, आणि ह्या तिन्ही लिप्यांची चिन्हे चार बाइटांची आहेत. ज्या गुंजाळा गावावरून ह्या शेवटच्या लिपीला नाव मिळाले, ते यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. जुन्या संचात असा मजकूर भरला तर विदागार एक तर तो नाकारते किंवा, त्याची व्यवस्था सैल ठेवलेली असेल तर, त्या चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर गाळून टाकते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्याचा बोभाटा होत नाही. म्हणून करार करण्यापूर्वी चाचणीखात्यात मोडीतील वा गोंडीतील एक शब्द मध्यभागी असलेले वाक्य भरावे, जतन करावे आणि पुन्हा उघडून पाहावे. दोन मिनिटांची ही परीक्षा माहितीपत्रकाच्या दहा पानांपेक्षा अधिक सांगून जाते.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो 'ल' च्या लगेच नंतर आहे. परिणामी केवळ संकेतांकांवरून लावलेल्या सूचीत 'काळ' हा शब्द 'काव' च्या आधी येऊन बसतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची स्थाने वर्णमालेच्या शेवटी धरावयाची की 'क' व 'ज' यांच्या पोटात, हा कोशकारांचा जुना वाद आहे. यंत्र तो आपल्यासाठी सोडविणार नाही. पोस्टग्रेएसक्यूएल ह्या विदागारात २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून भाषानिहाय वर्णक्रमाची चांगली सोय आहे, पण स्वस्त जागांवर ते क्वचितच मिळते. यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक नोंदीसोबत क्रमासाठी एक स्वतंत्र सांकेतिक रूप साठवावे आणि सूची त्यावरून लावावी. असे केले म्हणजे यजमान कोणीही असला तरी क्रम बिघडत नाही.

तिसरी गोष्ट शोधाची. मायएस्क्यूएलच्या प्रचलित विदातक्त्यांत पूर्णमजकूर-शोधासाठी तीन चिन्हांपेक्षा लहान शब्द मूलतः सूचीत घेतले जात नाहीत. 'घर', 'मन', 'वन' हे शब्द दोन चिन्हांचे. शब्दसूचीच्या स्थळावर असे शब्द न सापडणे म्हणजे कोशातून पानेच फाटण्यासारखे आहे. ही मर्यादा बदलता येते, परंतु त्यासाठी विदागाराच्या मूळ मांडणीला हात घालण्याचा अधिकार लागतो, आणि सामाईक जागेवर तो मिळत नाही. हा प्रश्न यजमानाला लेखी विचारावा.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक दोष यजमानाचा नसतो. 'वऱ्हाडी' हाच शब्द घ्या. त्यातील अर्धा रकार दोन प्रकारे टंकित होतो. एक तर 'ऱ' ह्या स्वतंत्र चिन्हाने, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, यंत्राला ती भिन्न आहेत. ज्या बोलीचा आपण संग्रह करतो, तिच्या नावाचाच शोध घेतला असता निम्म्या नोंदी हाती लागू नयेत, असा प्रसंग यातून उद्भवतो. सर्व मजकूर एकाच रूपात आणून मगच स्थळावर चढविणे, हे काम विभागाचे आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतींत टंकलेल्या फायलींचे युनिकोडात रूपांतर करून ते शब्दशः तपासणे, हेही विभागाचेच काम होय.

अशाच स्वरूपाची एक मर्यादा पानांच्या पत्त्यांची आहे. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला २०० रोमन चिन्हांची जागा असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे नऊ रोमन चिन्हांत रूपांतरित होऊन साठते. 'मारेगाव तालुक्यातील कोलामी लग्नगीते' असे शीर्षक दिले तर पत्ता 'मारेगाव-तालुक्यातील-कोला' येथेच तुटतो. त्याच तालुक्यातील कोलामी कथांच्या पानाचाही पत्ता तेथेच तुटेल आणि दोहोंत नावाला क्रमांकाचा फरक उरेल. यास्तव पत्ते लहान व क्रमांकाधिष्ठित ठेवावेत. असे पत्ते स्थलांतरातही टिकतात, आणि प्रबंधात दिलेला संदर्भ दहा वर्षांनी उघडतो.

३. ध्वनीचे वजन

मजकूर हलका असला तरी ध्वनी जड आहे. भाषिक अभ्यासासाठी ध्वनिमुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, एकमार्गी, असे केले असता सेकंदाला १,४४,००० बाइट होतात. तासाला हे सुमारे ५१८ मेगाबाइट, आणि शंभर तासांना सुमारे ५२ गिगाबाइट. हेच मुद्रण ऐकण्यापुरते एमपी-३ रूपात सेकंदाला ६४ किलोबिट ह्या दराने आकुंचित केले, तर तासाला सुमारे २९ मेगाबाइट आणि शंभर तासांना २.९ गिगाबाइट पुरतात.

ह्या हिशेबातून एक धोरण निघते. मूळ मुद्रणे संकेतस्थळावर ठेवूच नयेत. ती विभागाच्या ताब्यातील दोन स्वतंत्र तबकड्यांवर आणि एखाद्या दीर्घकालीन संग्रहागारात असावीत. संकेतस्थळावर केवळ ऐकण्याची प्रत असावी. तीस विद्यार्थ्यांनी महिन्याला प्रत्येकी दोन तास ऐकले तरी मग वाहतूक सुमारे १.७ गिगाबाइट होते. मूळ मुद्रणे दिली असती तर ती ३१ गिगाबाइट झाली असती, आणि गावाकडे भ्रमणध्वनीवरून ऐकणाऱ्याला ती पेलली नसतीच.

जागेच्या जाहिरातीतील 'अमर्याद' हा शब्द भाषाशास्त्रज्ञाने तरी शब्दशः घेऊ नये. अटींच्या पानावर फायलींच्या संख्येवर, प्रक्रियेच्या वेळेवर आणि स्मृतीवर मर्यादा लिहिलेल्या असतात. वर्डप्रेस प्रत्येक छायाचित्राच्या अनेक आकारांच्या प्रती करून ठेवीत असल्यामुळे फायलींची संख्या भराभर वाढते. शिवाय पीएचपी ह्या भाषेच्या मूळ मांडणीत एका वेळी दोन मेगाबाइटांपेक्षा मोठी फाइल चढविता येत नाही. ही मर्यादा कितीपर्यंत वाढवून मिळेल, हे आधीच विचारावे.

४. जागेचे प्रकार

सामाईक जागा ही वाड्यातील खोलीसारखी असते. भाडे कमी, पण नळ एक. शेजाऱ्याकडे कार्य निघाले की आपल्या घरी पाणी येत नाही. शेजाऱ्याच्या स्थळावर गर्दी झाली की आपले स्थळ मंदावते. लहान शब्दसूचीसाठी ही जागा पुरते.

आभासी खाजगी सर्व्हर हे स्वतंत्र नळाचे बिऱ्हाड होय. विदागाराची मांडणी बदलण्याचा अधिकार येथे मिळतो आणि वर सांगितलेल्या शोधाच्या व वर्णक्रमाच्या अडचणी दूर करता येतात. परंतु झाडलोट आपली आपण करावयाची असते. कार्यप्रणालीची सुरक्षादुरुस्ती वेळेवर केली नाही तर असा सर्व्हर सामाईक जागेपेक्षा अधिक असुरक्षित ठरतो. विभागात हे काम जाणणारी एकच व्यक्ती असेल आणि ती कंत्राटी असेल, तर ह्या वाटेला जाऊ नये.

व्यवस्थापित जागेत झाडलोट यजमान करतो. भाडे जास्त असते, पण भाषेच्या विभागाला बहुधा हीच जागा सोयीची. मात्र प्रणाली अद्ययावत ठेवणे हे यजमान व प्रणालीकर्ते यांच्या परस्परसंबंधांवरही अवलंबून असते. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या मूळ वितरणस्थळाने डब्ल्यूपी इंजिन ह्या मोठ्या यजमानसंस्थेचा प्रवेश रोखला, तेव्हा तिच्याकडील ग्राहकांची सुधारणांची वाट काही काळ अडली. नावाजलेली संस्था निवडली म्हणून निर्धास्त होता येत नाही.

चौथा पर्याय म्हणजे महाविद्यालयाच्या आवारातच सर्व्हर ठेवणे. त्यात स्वामित्व पूर्ण असते. परंतु वीज, थंडावा, जोडणी आणि सुट्टीच्या दिवशी येणारा माणूस ह्या चार गोष्टींची हमी देता येत नसेल, तर मूळ प्रतीचे कपाट म्हणूनच त्याचा उपयोग करावा.

५. अंतर आणि उपलब्धता

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. म्हणजे एका प्रश्नोत्तराला निव्वळ प्रवासातच एक अष्टमांश सेकंद लागतो, आणि एक पान उघडण्यासाठी अशी प्रश्नोत्तरे अनेक होतात. जागा देशातच असेल तर हा विलंब पुष्कळ घटतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह भारतात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली विदाकेंद्रे सुरू केल्यानंतर देशातील जागा मिळणे कठीण राहिलेले नाही. ज्या श्रोत्यांसाठी संग्रह आहे ते केळापूर, घाटंजी, मारेगाव या तालुक्यांत राहतात. त्यांची जोडणी आधीच अशक्त असते, तिच्यावर समुद्रापारच्या फेऱ्यांचा भार घालू नये.

उपलब्धतेची टक्केवारी वाचताना ती नेहमी तासांत रूपांतरित करावी. ९९ टक्के म्हणजे वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे. बोलींच्या संग्रहाला ही दुसरी हमी पुरेशी आहे. त्याहून अधिक नऊ-नऊच्या आकड्यांसाठी पैसे मोजण्यापेक्षा ते प्रतिलिपींवर खर्च करावेत.

६. प्रतिलिपी आणि प्रस्थान

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच ह्या मोठ्या यजमानसंस्थेच्या विदाकेंद्राला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळून गेली. ज्यांच्या प्रतिलिपी त्याच आवारात होत्या, त्यांतील कित्येकांची मूळ सामग्री व प्रत दोन्ही गेल्या. २०१९ मध्ये मायस्पेसने सर्व्हर बदलताना लोकांनी अनेक वर्षे चढविलेली गीते गमावल्याचे मान्य केले. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले, तेव्हा असंख्य हौशी पाने एकदम पत्त्याविना झाली. आग, चूक आणि धंद्याचा निर्णय ही तीन कारणे भिन्न आहेत, परंतु प्रत दुसऱ्या ठिकाणी नसेल तर तिन्हींचे फळ एकच.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, हा संग्राहकांचा नियम पाळावा. प्रतिलिपीत विदागार आणि फायली दोन्ही असाव्यात. एकट्या विदागाराच्या प्रतीत मजकूर येतो, ध्वनी येत नाही. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून स्थळ खरोखर उभे राहते काय, हे पाहावे. न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते.

प्रस्थानाची वाटही प्रवेशापूर्वीच पाहून ठेवावी. विदागार संपूर्ण उतरवून घेता येते काय, फायली एकगठ्ठा काढता येतात काय, की यजमानाच्या स्वतःच्या मांडणीत सामग्री अडकते? स्थलांतर हे अरिष्ट नव्हे. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत वाढलेले संकटग्रस्त भाषांचे संग्रहागार २०२१ मध्ये बर्लिनच्या अकादमीकडे गेले आणि आजही चालू आहे. घर बदलले तरी संग्रह टिकतो, जर सामान बांधण्याच्या पद्धतीने ठेवलेले असेल तर.

७. पैसा, नाव आणि संमती

आपल्याकडे खरेदी तीन दरपत्रकांवरून होते आणि तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी आकडा निवडला जातो. ही पद्धत येथे फसते, कारण दरपत्रकात पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर असतो. समजा, पहिल्या वर्षी महिना १०० रुपये आणि पुढे महिना ३०० रुपये दर आहे. पाच वर्षांचा खर्च ६,००० नव्हे, तर १५,६०० रुपये होतो. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास १८,४०८. म्हणून दरपत्रके मागवतानाच पाच वर्षांचा एकूण खर्च मागावा आणि संच, मर्यादा, प्रतिलिपी, विदाकेंद्राचे ठिकाण ह्या अटी नमूद कराव्यात. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते. त्यासाठी स्वतंत्र रक्कम लावलेली दिसल्यास कारण विचारावे. पीएचपीची कोणती आवृत्ती देतात, हेही पाहावे. ७.४ ह्या आवृत्तीची सुरक्षादुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली आहे.

खाते संस्थेच्या नावे असावे, आणि त्याचा पत्ता प्राध्यापकाचा वैयक्तिक पत्ता नसून पदाचा असावा. माणसे बदलीवर जातात, निवृत्त होतात, पद राहते. नूतनीकरणाची तारीख विभागाच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत लिहिलेली असावी.

शेवटचा प्रश्न बोलणाऱ्यांचा. आवाज हा माणसाची ओळख आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीला महत्त्व देतो. पण कायदा नसता तरी आपण सांगणाऱ्याला विचारलेच असते. ध्वनी कोठे ठेवला जाईल, कोण ऐकेल, आणि नको वाटल्यास तो कसा काढला जाईल, हे त्याच्या भाषेत समजावून सांगावे. जो यजमान विशिष्ट पाने परवलीच्या शब्दामागे ठेवण्याची आणि सामग्री खरोखर पुसण्याची सोय देत नाही, तो ह्या कामाला उपयोगी नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून आपल्यासारख्या विभागाने पुढील क्रम धरावा असे वाटते. प्रथम नाव, संस्थेच्या हाती. नंतर लिपीची परीक्षा, चाचणीखात्यात. मग प्रस्थानाची वाट आणि दुसऱ्या गावची प्रत. त्यानंतर देशातील विदाकेंद्र व पाच वर्षांचा खर्च. वेग, सजावट आणि नऊ-नऊचे आकडे सर्वांत शेवटी. बहुतेक विभागांना व्यवस्थापित स्वरूपाची साधी जागा, वर्डप्रेस किंवा ओमेका यांपैकी एक प्रणाली आणि ऐकण्याच्या प्रतींपुरती साठवण एवढे पुरेल. मूळ मुद्रणांसाठी मात्र संग्रहागारच शोधावे.

२०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. त्यांतील जुन्या पिढीचे कथनकार दरवर्षी कमी होत आहेत, आणि जे मुद्रण आज आपण करू ते पुन्हा करता येईलच असे नाही. यजमान निवडण्याचे हे काम कारकुनी वाटते, ते कोणावर तरी सोपवून मोकळे व्हावे असेही वाटते. आमच्या विभागाने एकदा ते तसे सोपवले होते. आजीचा आवाज मागावयास आलेला तो विद्यार्थी दारातून परत गेला, तेव्हा ते काम किती आमचे होते, हे आम्हांस कळले.